आजारी वावर

मेलेल्या तुरीला एस.टी.त जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी हुज्जत घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. थंडी पडून तूर शेंगांवर आली की आमच्या भागात तिला मर लागते. मुळाशी ओल असते, शेजारची झाडं हिरवीगार असतात आणि मधलंच एखादं झाड मान टाकतं. थोड्या दिवसांत त्याचं सरपण होतं. कुठे अशी तूर मेल्याची खबर आली की आमचे सर पोतं घेऊन निघत. केनवड, मालेगाव, शिरपूर, कुठेही. मेलेली झाडं मुळासकट उपटायची, पोत्यात भरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं संशोधन केंद्रावर आणायची. पोतं टपावर टाकायला ते तयार नसत. मुळांची माती झडते, म्हणत.

मालेगावच्या स्टँडवर एकदा कंडक्टर म्हणाला, "साहेब, हे तं जळतन आहे. याच्यासाठी शीट अडवता काय?"

"तिकीट काढतो ना त्याचं."

"मेलेल्याचं तिकीट कोणी काढते काय?"

"मेलेल्याचंच काढा लागते," सर म्हणाले. "जिता असता तं पायी आला असता."

सगळी गाडी हसली. सर हसले नाहीत. आपण विनोद केला हे त्यांच्या ध्यानात येत नसे. पोतं मांडीशी घेऊन ते खिडकीतून बाहेर पाहत बसले. रस्त्याकडेच्या वावरात आणखी कुठे तूर वाळलेली दिसते का, हे पाहण्याची ती सवय होती.

केंद्राच्या छापील इतिहासात सरांबद्दल एकच वाक्य आहे. त्यांच्या प्रयोगाच्या जमिनीत मर रोगाचा प्रादुर्भाव आढळला नाही, सबब प्रयोग बंद करण्यात आला, एवढंच. पुढे केंद्रावर त्याची म्हण झाली. कोणी कामाला दांडी मारून तापाचं कारण सांगितलं की बाकीचे विचारत, "सरांच्या वावरासारखा आजार आहे का रे?" ज्यांनी सरांना पाहिलंही नाही तेसुद्धा असं विचारत. मी त्या हसण्यात पुष्कळदा बसलेलो आहे.

त्या जमिनीला मर होती. ती मी घालवली. हे सांगायला मी फार वर्षं घेतली.

सर वनस्पतींच्या रोगांचे शास्त्रज्ञ होते आणि मी शेत सहायक. म्हणजे नांगरट, पेरणी, मजूर, पाणी हे माझं काम. मर न लागणारी तूर शोधणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांना आजारी जमीन लागे. निरोगी जमिनीत कोणतीही तूर जगते, तिच्या जगण्यावरून काही कळत नाही. म्हणून फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला रस्त्यालगतचा एक तुकडा त्यांनी मुद्दाम आजारी ठेवला होता. गावोगावची मेलेली झाडं आणायची, कोयत्यानं बारीक करायची आणि त्या मातीत मिसळायची. लोक वावराला शेणखत घालतात, हे रोग घालत. पावसाळ्याच्या तोंडी त्यात वेगवेगळ्या तुरीच्या ओळी पेरत. त्यातल्या बहुतेक मरत. जी जगे तिचं बी पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच.

दर थोड्या ओळींनंतर ते एक जुनी गावरान तूर पेरत. तिला मर लागणार हे ठरलेलं. तिला ते साक्षीदार म्हणत. मी नवा असताना विचारलं होतं, जी मरणारच ती कशाला पेरायची.

"साक्षीदार मेली पायजे," ते म्हणाले. "साक्षीदार मेली आन् बाजूची जगली, तं बाजूचीत दम आहे. साक्षीदारच जगली तं खटला खोटा. मंग कोनाचंच काही धराचं नाई."

कागदावर त्या तुकड्याचं नाव लांबलचक होतं. सर आजारी वावर म्हणत, तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपलांचा एक जोड आणि पाण्याची कुंडी कायम असे. आपल्या चपला बाहेर काढायच्या, तिथल्या घालून आत जायचं, येताना पाय आणि कोयता धुवायचा. इथली माती दुसऱ्या शेतात जाऊ नये म्हणून. जोड एकच, त्यामुळे आत जाणारा माणूसही एकच. अपवाद फक्त शांताबाईचा. ती केंद्रावर रोजानं यायची आणि अनवाणीच असायची. तिचे पाय सर स्वतः उभं राहून धुवायला लावत. बाहेरगावचे पाहुणे हा प्रकार पाहून समजत की आत एखादं देवस्थान आहे. शिरपूरला दर्शनाला आलेली काही मंडळी एकदा केंद्र बघायला आली, तेव्हा त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी कुंडीजवळ उभं राहून नमस्कार केला होता. सरांनी तिला सांगितलं, "मायबाई, इथं मर आहे. हात नको जोडू, पाय धू."

एका मोठ्या अधिकाऱ्यालाही त्यांनी धुऱ्यावर थांबवलं. साहेबांच्या पायांत बूट होते. सर म्हणाले, काढा, नाहीतर इथूनच पाहा. साहेब तिथूनच परतले. सगळेच म्हणाले, काय ही तऱ्हा.

तऱ्हा खूप होत्या. त्यांच्या खिशात दोन चाकू असत. एकानं झाडाचं खोड उभं चिरायचं, दुसऱ्यानं पेरू किंवा आंबा कापायचा. दोन्हींची अदलाबदल मी कधी पाहिली नाही. मर लागलेलं तुरीचं खोड चिरलं की आत काळी रेघ दिसते, बुंध्याकडून वर चढत गेलेली. निरोगी खोड आतून पांढरं असतं. ती रेघ पाहण्याचं त्यांना वेड होतं. कोणाच्या घरी गेले की आधी चुलीमागच्या तुराट्यांच्या ढिगाजवळ बसत आणि एकेक चिरून पाहत. गेल्या साली त्या घरच्या वावरात काय झालं ते तिथं कळतं, असं म्हणत. माझ्या लग्नात ते मांडवात दिसेनात म्हणून वडील शोधायला गेले, तर ते स्वयंपाकाच्या सरपणाजवळ उकिडवे बसलेले. वडिलांना म्हणाले, "मामा, तुमची निम्मी तूर मरनं गेली गेल्या साली. सांगतलं नाई कोनाले?" वडील गोरेमोरे झाले. नवरीकडची माणसं ऐकत होती.

वडिलांनी खरोखरच कोणाला सांगितलं नव्हतं. हे इथं लिहितो, कारण पुढचं त्यातून आलं. आमच्याकडे वावर आजारी असणं हे लपवायचं दुखणं. लोक शेतकऱ्याच्या हाताला बोल लावतात. वडील मेलेली झाडं पहाटेच उपटून घरामागे नेऊन टाकायचे, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसू नयेत म्हणून. मी त्या घरातून आलो होतो आणि माझ्या ताब्यातल्या शेताच्या अगदी फाटकाशी, बसमधून दिसेल असा, मेलेल्या तुरीचा तुकडा उभा होता. लोक विचारत, संशोधनवाल्यांचीच तूर मरते, तर आम्हाला काय शिकवणार. मला त्याची शरम वाटे. सरांना वाटत नसे.

"जे मराचं ते इथं मरू दे," ते म्हणत. "तुह्या बापाच्या वावरात कायले मराले पायजे?"

बोलण्याचा त्यांचा दुसरा नियम असा होता की डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगायचं. एखादा शेतकरी म्हणाला की मला वाटते पाणी जास्त झालं, तर ते म्हणत, "वाटलं ते घरी ठेव. दिसलं ते सांग." हाच नियम ते स्वतःलाही लावत, आणि फार कडक लावत. त्यांच्या तुरीतल्या एका ओळीवर त्यांचा जीव होता. साक्षीदार दोन्ही बाजूंनी मरून पडली असताना ती शेंगांनी वाकून उभी राहिलेली मी धुऱ्यावरून पाहिली आहे. कोणी विचारलं तर ते म्हणत, जगून राह्यली सध्या. याहून मोठं कौतुक नाही.

तिची डाळ शिजते कशी हे पाहायला त्यांनी शांताबाईला ओंजळभर दाणे दिले होते. लोक न खाणारी तूर कितीही जगली तरी उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न असे. शांताबाईनं दोन-चार दिवसांनी सांगितलं की छान शिजते, लवकर गळते. सरांनी मान हलवली.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात सरांची आई आजारी पडली आणि ते रजा काढून गावी गेले. जाताना मला सांगून गेले की आजारी वावराला हात लावू नको. त्याच सुमारास कळलं की वरचे साहेब केंद्र पाहायला येणार आहेत. मी अजून कायम झालो नव्हतो. केंद्रप्रमुखांनी सांगितलं की फाटकापासून सगळं नीट दिसलं पाहिजे.

मी आधी फक्त धसकटं वेचायला लावली. उन्हाळ्यात वावरातली धसकटं वेचणं हे आमच्या अंगवळणी पडलेलं, त्यात काही केलं असं वाटत नाही. मग वेचलेली पेटवली. मग म्हटलं, एवढं केलं तर खोल नांगरट करून घेऊ. दुसऱ्या एका योजनेचं पारदर्शक प्लॅस्टिक गोदामात पडून होतं. ते ओल्या मातीवर अंथरलं तर मे महिन्याच्या उन्हानं रोग मरतो, हे मी केंद्रावरच एका भाषणात ऐकलं होतं. अंथरलं. शेवटी तलावाचा काळा गाळ आणून वर पसरला. शांताबाई काम करता करता म्हणाली होती, "बाबू, सायेबाले इचारलं काय? हे तं त्याहीचं आजारी वावर." मी तिला सांगितलं, आपल्याला सांगितलं ते करायचं.

वावर सुंदर दिसू लागलं. वरच्या साहेबांनी येऊन ते पाहिलं आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मी पुढे झालो. मी चांगलं काम केलं असं मला मनापासून वाटत होतं, हेही लिहायला हवं. रोग झालेली जमीन मी बरी केली होती. माझ्या वडिलांना जे जमलं नाही ते मी केलं होतं.

सर आले तोवर प्लॅस्टिक गुंडाळून झालं होतं आणि पावसानंतर दोन वखरण्या होऊन माती एकसारखी झाली होती. आई गेल्यामुळे ते डोकं भादरून आले होते. मी काही बोललो नाही. त्यांनी पेरलं.

डिसेंबरात साक्षीदार हिरवीगार होती. सर रोज आत जायचे, कुंडीवर पाय धुवायचे आणि परत यायचे. एक दिवस ते गोदामात आले. हातात साक्षीदाराचं उभं चिरलेलं खोड होतं, आतून पांढरंशुभ्र.

"उन्हाळ्यात काय केलं रे माह्या वावराले?"

मी म्हणालो, उन्हाळवाही केली, सगळ्या शेताला करतो तशी. त्यांनी ते खोड माझ्यापुढे धरलं. मग मी सगळं सांगितलं. धसकटं, प्लॅस्टिक, गाळ, सगळं. ऐकून ते पोत्यांच्या थप्पीवर बसले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं.

"काम तं चांगलं केलं," ते म्हणाले. "हे मी लोकायले करा म्हनून सांगतो आन् ते करत नाई. तू केलं, तं इथं."

मग म्हणाले, "समिती येऊन राह्यली. जसं मले सांगतलं तसंच तिथं सांगजो. उन्हाळ्यात वावर बरं झालं, म्हनून यंदाचं काही धरू नका, एवढंच. मी पुन्हा आजारी पाडीन त्याले. दोन-तीन सालात पडते."

मी हो म्हणालो.

समितीत तिघे जण होते. सरांनी वर्षानुवर्षं रोगप्रतिकारक म्हणून ठेवलेली तूर खरोखर तशी आहे का, तिला पुढे शेतकऱ्यांकडे पाठवायची का, हे त्यांना ठरवायचं होतं. सरांची सगळी नोकरी त्या दिवसात होती म्हटलं तरी चालेल. तिघे निमूट धुऱ्यावर थांबले आणि तिथूनच पाहिलं. सगळं वावर हिरवं होतं. साक्षीदारही, तिच्या शेजारचीही.

अध्यक्षांनी मला विचारलं, "शेत तुमच्याकडे असतं ना? या जमिनीत यंदा काही वेगळं केलं होतं का?"

केंद्रप्रमुख बाजूला उभे होते. मला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. प्लॅस्टिक न विचारता वापरलेलं होतं. ही कारणं आज लिहिताना फार लहान दिसतात. तेव्हाही मोठी नव्हती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "दरवर्षीसारखंच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्यांच्या वावराकडे पाहत होते. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

"मी उन्हाळ्यात इथं नव्हतो," सर म्हणाले. "मी काही पाह्यलं नाई. ज्यानं काम केलं त्यानं सांगतलं ते तुमी ऐकलं."

मग ते आत गेले, साक्षीदाराचं एक झाड उपटून आणलं आणि पहिल्या चाकूनं सर्वांसमोर चिरलं.

"खोड साफ आहे," ते म्हणाले. "साक्षीदार जगली. यंदाचं धरता येत नाई."

"यंदाचं की आजवरचं?" अध्यक्षांनी विचारलं. ते कुत्सित माणूस नव्हते. मागच्या वर्षांचे आकडे त्यांच्यापुढे होते, पण ते सगळे सरांनी एकट्यानं घेतलेले. त्या वावरात दुसरं कोणी गेलेलं नव्हतं. का गेलं नव्हतं, तर चपलांचा जोड एकच होता. जी तऱ्हा म्हणून आम्ही हसत होतो ती त्या दिवशी संशय म्हणून उभी राहिली. आत जाणारी दुसरी व्यक्ती शांताबाई, आणि रोजंदारीच्या बाईला समिती काही विचारत नाही. तिसरा मी. धुऱ्यावरून का होईना, मी ते पाहिलं होतं.

सरांना वाटलं असतं तर त्यांनी माझं नाव घेतलं असतं. मी गोदामात काय बोललो ते सांगितलं असतं. पण त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलेलं होतं, आणि ज्याच्या तोंडून ऐकलं तो माणूस तिथं उभा राहून नाही म्हणत होता. त्यांच्या नियमात ते बसत नव्हतं. जमिनीत मर आढळली नाही, या समितीनं लिहिलेल्या निष्कर्षावर त्यांनी सही केली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, त्या दिवसापुरता.

पाहुणे गेल्यावर त्यांनी धुऱ्यावरच्या चपला कुंडीत घासून घासून धुतल्या. चपलांना रोगाची माती तशी लागलेलीच नव्हती. मग कुंडी पालथी केली.

त्या जागेत पुढे सोयाबीन आलं. तुरीच्या ओळींचं बी निकामी मालात गेलं. सरांकडे फळझाडांच्या रोपवाटिकेचं काम दिलं आणि निवृत्तीपर्यंत ते लिंबू-पेरूची रोपं विकत राहिले. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलत. मी कायम झालो तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि खाल्ला. मी वाट पाहत होतो की ते कधीतरी बोलतील, म्हणजे मला उत्तर देता येईल. ते बोलले नाहीत. पण तुरीच्या दिवसांत ते गाडीनं जाताना खिडकी धरत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

निवृत्तीनंतर ते शिरपूरला खोली घेऊन राहिले. बऱ्याच वर्षांनी मी तिकडे गेलो. कोणत्या तरी कामानं आलो असं सांगायचं ठरवलं होतं. खोलीसमोर रंगाचे रिकामे डबे मांडलेले होते आणि प्रत्येकात तुरीचं एकेक झाड. निम्मी मेलेली होती.

"बस," ते म्हणाले. "चाय पेतं काय?"

चहा झाला. मी म्हणालो, "सर, ते समितीच्या दिवशी..."

"मले कायले सांगतं?" ते म्हणाले. "मले तं माहीतच आहे."

आणि मला एक मेलेलं झाड दिलं, चिरून पाहा म्हणून. चाकू पहिलाच होता, मूठ बदललेली. खोडात काळी रेघ होती. ती त्यांनी मला डब्याडब्यातून दाखवली. आजार धरून राह्यला आहे, म्हणाले. जेवून जा म्हणाले, पण मी थांबलो नाही.

ते वारले तेव्हा मी गेलो होतो. चुलीमागच्या तुराट्या तेवढ्या माझ्या लक्षात राहिल्या. सगळ्या उभ्या चिरलेल्या.

या हिवाळ्यात केनवडकडे एका नातलगाकडे गेलो असताना रस्त्यालगतच्या वावरात तूर ठिकठिकाणी वाळलेली दिसली. मधे एकच पट्टा सलग हिरवा होता, शेंगांनी वाकलेला. मी विचारत विचारत त्या पट्ट्याच्या मालकिणीकडे गेलो. शांताबाई होती. खूप थकली आहे. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, ती एकटी तुरीला राखण.

"तुमी ते फाटकावरचे बाबू ना?" ती म्हणाली. "लय वाळले."

तुरीचं विचारलं तर हसू लागली. सरांनी शिजवायला दिलेले दाणे तिनं शिजवलेच नव्हते. "मेल्या वावरात जे जगते ते खाऊन कायले टाकू? पेरलं. चांगली शिजते म्हनून देल्ली थाप. एक डाव सायेब म्हने, शांताबाई, ते दाने चुलीवर शिजले का वावरात? मी चूप. तं म्हने, शिजू दे."

"मग कोणाला बोलले नाहीत?"

"त्याहीनं काही पाह्यलं होतं काय?" शांताबाई म्हणाली.

मी केंद्रावर गेलो. तिथं आता एक तरुण मॅडम आहेत, रोगशास्त्राच्याच. त्या माझ्यासोबत केनवडला आल्या, शांताबाईची दोन आणि शेजारच्या वावरातली दोन झाडं चिरली. शेजाऱ्याच्या खोडात काळी रेघ, शांताबाईच्यात नाही. त्यांना आनंद झाला, पण त्या सावध होत्या. म्हणाल्या, मधमाश्या तुरीचा संकर करतात, इतक्या वर्षांत हे बी तेच राहिलेलं नसणार. शेतात जगणं वेगळं आणि परीक्षेत जगणं वेगळं. तपासायला आजारी जमीन हवी. केंद्रावर ती नाही आणि मागितली तर जुनं वाक्य समोर येतं, की पूर्वी असा प्रयोग झाला होता आणि तो फसवा निघाला.

"तो फसवा नव्हता," मी म्हणालो.

"कशावरून, काका?"

मी त्यांना वावराच्या धुऱ्यावर उभ्याउभ्या सांगितलं. शांताबाई ऐकत होती. मधेच म्हणाली, "गाळ मीच तं पसरला." मॅडमनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, हे लिहून द्याल का. दिलं. त्यात दोघांची नावं आहेत, सरांचं आणि माझं. शांताबाईनं अंगठा दिला. केंद्रावरची जुनी मंडळी म्हणतात, या वयात कशाला. छापील वाक्य काही पुसलं जात नाही, पण मॅडमना मागच्या बाजूला, विहिरीपलीकडे, एक छोटा तुकडा मिळाला आहे. धुऱ्यावर मॅडम चपलांचे दोन जोड ठेवणार आहेत.

जमीन मात्र निरोगी आहे. तिला आजारी पाडायचं काम मी मागून घेतलं.

गेल्या आठवड्यात शांताबाईच्या शेजाऱ्याच्या वावरातली मेलेली झाडं मुळासकट उपटली. पहिल्या खेपेला एकच पोतं झालं. शेजाऱ्याला आनंदच झाला, फुकट सफाई. केनवडच्या थांब्यावर गाडीत चढलो तर कंडक्टर मुलगी म्हणाली, "बावा, पोतं डिकीत टाका."

मी म्हणालो, माती झडते.

"हाय काय त्याच्यात?"

"मेलेली तूर."

"कुठं नेता?"

"पेराले," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. मग तिकिटाचं मशीन काढलं. माझं वय पंचाहत्तरच्या पुढचं, म्हणून मला शून्याचं तिकीट मिळालं. पोत्याचे पैसे पडले. मी खिडकी धरली.